बोर्डावरची ती एक ओळ: गोव्यात दिव्यांगांची एंट्री फी माफ करून घ्यायची कशी

मोठे, लहान, शाळेची सहल, साधा कॅमेरा, व्हिडिओ कॅमेरा. तिकीट खिडकीशेजारच्या बोर्डावर एवढ्या पाच ओळी होत्या आणि माझा धाकटा भाऊ यातल्या कशातच बसत नव्हता, म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याचा कुणीतरी विचार केला होता पण व्हीलचेअरचा नाही. खिडकी एवढ्या उंचावर की आतल्या माणसाला भाऊ दिसतच नव्हता, त्याला फक्त मी दिसत होते. मी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पुढे केलं, त्याने ते उलटंपालटं करून बघितलं आणि परत दिलं, "हें आमकां वयल्यान कोणें सांगूंक ना, बाय." म्हणजे हे आम्हाला वरून कुणी सांगितलेलं नाही. मागे रांग वाढत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, अहो सोडा ना त्याला, बिचारा. आणि खरंच सोडलं, तिकीट न काढताच, हाताने जा जा करत.

मी खूश होऊन खुर्ची ढकलायला लागले तर भाऊ म्हणाला, थांब, माझं तिकीट काढ. काढलं. पुढचा अर्धा तास तो माझ्याशी बोलला नाही.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला. पैसे वीस असोत नाहीतर पन्नास, मुद्दा तो नाहीच, मुद्दा असा की माफी ही बोर्डावर लिहिलेली ओळ असली पाहिजे, खिडकीतल्या माणसाचा मूड नाही. पुढे जे लिहितेय ते दोन-तीन वर्षं अर्ज, फोन आणि हेलपाटे करून शिकलेलं आहे, क्रमाने सांगायचा प्रयत्न करते पण मध्येमध्ये भरकटेन.

आधी बघा गेट कुणाचं आहे

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि ९० टक्के लोक इथेच चुकतात. खिडकीतल्या माणसाशी भांडून उपयोग नसतो कारण फी त्याने ठरवलेली नसते, बऱ्याच ठिकाणी तो सरकारी माणूसही नसतो, ठेकेदाराने महिन्याच्या पगारावर बसवलेला पोरगा असतो. फी ठरवणारा कोण ते कळलं की अर्ज कुठे द्यायचा ते आपोआप कळतं.

जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालय केंद्राचं, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं. तिकडची फी दिल्लीहून ठरते, १५ वर्षांपर्यंतची मुलं तिथे फुकट जातात तो नियमही तिकडचाच. तिथल्या कर्मचाऱ्याला ना फी वाढवता येत ना कमी करता येत. मिरामारचं विज्ञान केंद्रही केंद्राकडचंच पण त्याचं खातं वेगळं, राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद. बोगमाळोचं नौदलाचं विमान संग्रहालय नौदलाचं. राज्य वस्तुसंग्रहालय गोवा सरकारचं. बोंडला, मोले, खोतीगाव, चोडणचं पक्षी अभयारण्य, ही सगळी वनखात्याची, आणि त्यांचे दर सरकारी अधिसूचनेने राजपत्रात येतात, म्हणून तिथला गार्ड कितीही भला असला तरी कायमची सूट देणं त्याच्या हातात नसतं. शहरातली उद्यानं, बालोद्यानं, जॉगर्स पार्क हे पालिकेचं, पणजीत असाल तर महापालिकेचं. गावातला पार्क किंवा तळ्याकाठची बाग पंचायतीची. चर्चच्या ट्रस्टची म्युझियम्स आणि लोकांनी स्वतःच्या घरात, भाटात (बागायतीत) उभी केलेली खासगी म्युझियम्स यांचा मामला वेगळाच, त्यावर शेवटी दोन ओळी.

ओळखायचं कसं? तिकिटाच्या मागे बघा. जुनं तिकीट असेल तर टाकू नका, त्यावर खात्याचं किंवा ठेकेदाराचं नाव छापलेलं असतं. मी तर आता पर्समध्ये तिकिटांची चळतच ठेवते, भाऊ चिडवतो मला त्यावरून.

आणि हो, फुकट असलेल्या ठिकाणी अर्ज करत बसू नका, हसतील. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू आणि से कॅथेड्रलमध्ये जायला तिकीट नाही, पणजीत चर्चसमोरची बागही सगळ्यांना मोकळीच आहे.

कागद कुठला न्यायचा

यूडीआयडी कार्ड. बाकी सगळं नंतर. पूर्वी लोक हॉस्पिटलचा मोठा कागदी दाखला घेऊन फिरायचे, घडी घालून घालून तो मधोमध फाटायचा, आमच्याकडे आईने त्याला कॅलेंडरचं प्लास्टिक लावलं होतं. आता केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा चढवायचा, हॉस्पिटल निवडायचं आणि तपासणीला बोलावतील त्या दिवशी जायचं. आपल्याकडे म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा हॉस्पिटल आणि बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), यातलं जे जवळ असेल आणि तुमच्या प्रकारचा तज्ज्ञ जिथे बसतो ते बघून. जुना कागदी दाखला असेल तर तोही अपलोड करा, सगळं पहिल्यापासून सुरू करायची गरज सहसा पडत नाही.

कार्डावर रंगाची पट्टी असते, ४० टक्क्यांच्या खाली पांढरी, ४० ते ८० च्या मधली पिवळी, ८० आणि वर निळी. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात कारण २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात तोच टप्पा धरलाय. याच कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात ऑटिझम, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन्स, मानसिक आजार असे बरेच आहेत जे बघून कळत नाहीत. हे मुद्दाम लिहितेय. आमच्या शेजारच्या मुलाला ऑटिझम आहे, दिसायला उंचपुरा देखणा, त्याच्या आईला प्रत्येक गेटवर ऐकावं लागतं की हा तर चांगला चालतोय की! अशा वेळी आजाराचं वर्णन करत बसू नका, मुलासमोर तर नकोच, कार्डावरचा प्रकार आणि टक्के यावर बोट ठेवा आणि गप्प राहा.

कार्ड डिजिलॉकरमध्ये उतरवून ठेवा, शिवाय एक झेरॉक्स पाकिटात, मोले बाजूला नेटवर्क जातं तेव्हा तीच कामाला येते. आणखी एक, सिंधुदुर्गातून, बेळगावातून पाहुणे आले की त्यांना कधी कधी सांगतात की गोव्याचा दाखला आणा. चूक आहे ते. कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे दाखला देशभर चालतो. राज्याने एखादी योजना फक्त रहिवाशांसाठी ठेवली तर गोष्ट वेगळी, पण माणूस दिव्यांग आहे की नाही हे दुसऱ्यांदा सिद्ध करायला लावता येत नाही.

जायच्या आदल्या दिवशी एक फोन

फोनवर तीनच प्रश्न विचारा: दिव्यांगांना फी आहे का, सोबतच्या माणसाला आहे का, आणि खुर्ची कुठपर्यंत जाते. तिसरा प्रश्न पहिल्या दोघांपेक्षा महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांच्या तसबिरींचं दालन वरच्या मजल्यावर आहे, म्हणजे जिना चढता न येणाऱ्याने तिकीट काढायच्या आधीच वर जायची सोय काय ते विचारून घेतलेलं बरं. बोंडल्याला चढउतार आहेत, गाडी आत कुठपर्यंत सोडतात ते विचारा. सुट्टीचा वारही याच फोनवर विचारून टाका, जुन्या गोव्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद, बोंडला गुरुवारी, सोमवारी बंद असणारी तर कितीतरी. आम्ही एकदा सगळा लवाजमा घेऊन, टॅक्सीत खुर्ची घडी करून, डबे बांधून बंद गेटपुढे जाऊन उभे राहिलोय.

ज्याने उत्तर दिलं त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी खिडकीवर "काल अमुक साहेबांनी सांगितलं" म्हटलं की निम्मं काम होतं.

खिडकीवर काय बोलायचं

हात जोडू नका आणि आवाजही चढवू नका. मी आता ठरलेलं वाक्य बोलते, "दिव्यांग एक, सोबत एक, दर काय आहे?" सूट मिळेल का असं विचारलं की समोरच्याला नाही म्हणणं सोपं जातं, दर काय आहे विचारलं की त्याला कागद शोधावा लागतो. फार छोटा फरक आहे पण करून बघा.

ऑनलाइन बुकिंग असेल आणि तिथे दिव्यांगाचा पर्याय दिसत नसेल तर घाईने दोन मोठ्यांची तिकिटं काढू नका, एकदा गेलेले पैसे परत मागणं म्हणजे डोक्याला ताप. सोबतच्यांची काढा, दिव्यांग माणसाचं खिडकीवर बघा.

माफी असेल तर शून्य रुपयाचं तिकीट मागून घ्या. लोक म्हणतात कशाला, आत सोडलं ना, झालं. नाही झालं. तिकीट नसेल तर वर्षाच्या हिशेबात तुमचा भाऊ, तुमची आई तिथे आलेच नाहीत असं होतं, आणि मग पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं की दिव्यांग येतातच कुठे, रॅम्प कशाला पाहिजे. शून्याचं तिकीट म्हणजे हजेरी आहे ती.

आता सोबतचा माणूस. अंध माणसाला घेऊन आलेला, खुर्ची ढकलणारा, मुलाचा हात सोडता न येणारी आई, हे लोक फिरायला आलेले नसतात, म्हणजे फिरतातही, पण ते नसतील तर मुख्य माणूस आत जाऊच शकत नाही. रेल्वेत कितीतरी प्रकारांत सोबत्यालाही सवलत मिळते ती याच विचाराने. गेटवर मात्र हे कुणाच्या डोक्यात नसतं. म्हणून अर्ज कराल तेव्हा "दिव्यांग व्यक्ती आणि सोबतची एक व्यक्ती" असं एकत्रच लिहा, नंतर वेगळं मागायला गेलात की पुन्हा पहिल्यापासून.

माफी नसेल तर अर्ज

नाही म्हटलं तर तिकीट काढा, आत जा, मजा करा. भांडण करून दिवस वाया घालवू नका. फक्त दरांच्या बोर्डाचा मोबाईलवर फोटो घ्या आणि तिकीट जपून ठेवा. घरी येऊन त्याच आठवड्यात अर्ज लिहा, नंतर राहून जातं.

मराठीतून लिहा बिनधास्त, १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा असली तरी मराठीलाही सरकारी कामकाजात जागा दिलेली आहे. फार लांब लिहू नका, एक पान पुरे. माझा साचा असा आहे:

"विषय: दिव्यांग व्यक्ती व सोबतची एक व्यक्ती यांना प्रवेश शुल्क माफ करण्याबाबत. महोदय, अमुक तारखेला मी माझ्या दिव्यांग भावासह आपल्या उद्यानास भेट दिली. दरफलकावर दिव्यांगांसाठी कोणतीही तरतूद दिसली नाही व आम्हाला पूर्ण शुल्क भरावे लागले. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २९ नुसार सांस्कृतिक जीवनात व करमणुकीत दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा यासाठी उपाययोजना करणे सरकार व स्थानिक प्राधिकरणांवर बंधनकारक आहे. तरी, एक, यूडीआयडी कार्डधारक व सोबतची एक व्यक्ती यांना शुल्क माफ करावे, दोन, तसा ठराव अथवा आदेश काढून त्याची प्रत तिकीट खिडकीवर द्यावी, तीन, दरफलकावर तशी ओळ लिहावी. केलेली कार्यवाही लेखी कळवावी."

सोबत तिकिटाची आणि कार्डाची झेरॉक्स, बोर्डाचा फोटो.

एक प्रामाणिकपणे सांगते, कलम २९ मध्ये "फुकट" हा शब्द नाही. त्यामुळे कायद्याने फुकटच द्यायला पाहिजे अशी गर्जना अर्जात करू नका, समोर कुणी वाचलेला अधिकारी बसला असेल तर तो तेवढंच पकडून अर्ज फाइल बंद करेल. कायदा म्हणतो उपाय करा, आपण म्हणतो हा एक उपाय आहे, स्वस्त आहे, उद्यापासून करता येतो. बस.

दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर इन्वर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का आणि नंबर घ्या. शिक्का न घेता आलात तर अर्ज दिलाच नाही असं समजा. ईमेलही करा, पण ईमेल एकटा पाठवून बसू नका.

कुणाच्या नावाने? पालिका असेल तर मुख्याधिकारी, आणि एक प्रत तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला, कारण दर बदलायचे तर विषय मंडळाच्या बैठकीत यावा लागतो आणि तो आणणारा माणूस लागतो. वनखातं असेल तर उप वनसंरक्षकांना. राज्याचं संग्रहालय असेल तर त्या खात्याच्या संचालकांना, आणि प्रत दिव्यांग सक्षमीकरण खात्याला. केंद्राचं ठिकाण असेल तर स्थानिक कार्यालयातून वर पाठवा म्हणून विनंती करायची, तिथे वेळ लागतो, धीर धरा.

पंचायतीचं मात्र सगळ्यात सोपं आणि सगळ्यात मजेशीर. ग्रामसभा. आपल्याकडे साधारण जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा वर्षातून चार नियमित ग्रामसभा रविवारी होतात, विषय सचिवाकडे आधी लेखी देऊन ठेवायचा म्हणजे तो कार्यपत्रिकेवर येतो. आमच्या गावात मी उभी राहिले तेव्हा मागच्या बाकावरून एक काका म्हणाले, असं केलं तर उद्या सगळेच लंगडत येतील. सभा हसली, भाऊ दाराशी खुर्चीत बसला होता, तोही हसला. मी म्हटलं, काका, यूडीआयडी कार्ड लंगडून मिळत नाही, आणि खोटी सवलत घेणाऱ्याला कलम ९१ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मग काका म्हणाले, बरं बरं, लिहा. हा कलम ९१ चा मुद्दा पाठ करून जा, गैरवापराची शंका कुणीतरी काढतंच.

उत्तर नाही आलं तर

महिनाभर वाट बघा, एकदा फोन करा, मग माहिती अधिकार. २००५ चा कायदा, १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, उत्तर ३० दिवसांत. तक्रार लिहू नका त्यात, फक्त कागद मागा: प्रवेश शुल्क ठरवणाऱ्या आदेशाची प्रत, त्यात दिव्यांगांना काही सूट आहे का त्याची प्रत, ठेकेदाराशी केलेल्या कराराची प्रत, आणि माझ्या अमुक इन्वर्ड नंबरच्या अर्जावर काय कार्यवाही झाली त्याची टिपणी. करार मागायचं कारण असं की कधी कधी सूट कागदावर आधीपासून असते आणि ठेकेदार ती लावत नसतो, मग नवीन काही मागावंच लागत नाही, आहे ते दाखवलं की संपलं. चुकीच्या खात्याला अर्ज गेला तर त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. आणि डोळ्यांनी किंवा कानांनी अडचण असलेल्या अर्जदाराला कागद बघायला मदत करणं कलम ७ प्रमाणे त्यांचं काम आहे.

त्याच्यावरची पायरी म्हणजे राज्य दिव्यांगजन आयुक्त. गोव्यात हे ऑफिस बऱ्यापैकी जागं आहे, २०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव, झाला तेव्हापासून लोकांना माहीतही झालंय. दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम ८० खाली त्यांच्याकडे तक्रार करता येते, वकील लागत नाही. त्यांनी खात्याला शिफारस केली की कलम ८१ प्रमाणे खात्याने ३ महिन्यांत कार्यवाही करून कळवायचं, आणि शिफारस मानायची नसेल तर त्याची कारणं तेवढ्याच मुदतीत द्यायची, आयुक्तांनाही आणि तुम्हालाही. म्हणजे गप्प बसायची सोय उरत नाही. केंद्राच्या ठिकाणांसाठी दिल्लीचे मुख्य आयुक्त. इथे तक्रार करताना तिकीट, बोर्डाचा फोटो, इन्वर्ड शिक्क्याची प्रत, माहिती अधिकाराचं उत्तर असं सगळं तारखेनुसार लावून द्या, म्हणूनच तर सुरुवातीपासून जपून ठेवायला सांगितलं.

खासगी आणि ट्रस्टच्या म्युझियममध्ये हा रस्ता धरू नका. साधं पत्र लिहा, मालक किंवा क्युरेटर बहुतेक वेळा स्वतः वाचतात. नाही म्हणाले तर नाही, पण सोबत्याचं तिकीट तरी सोडा म्हणून विचारा, त्याला शक्यतो हो म्हणतात असा माझा अनुभव.

आणखी एक चिडचिड. ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, एक दिवस सगळं फुकट करतात, फुलं देतात, फोटो काढतात. जावं, जरूर जावं, पण तिथे भेटलेल्या साहेबाच्या हातात तो अर्ज द्यावा. त्या दिवशी कॅमेरे असतात, साहेब अर्ज दोन्ही हातांनी घेतात.

आमच्या पंचायतीचं सांगायचं राहिलं. ठराव झाला, पण बोर्डावर ओळ यायला पुढचे पाच महिने गेले, पेंटर मिळेना, मग पेंटर मिळाला तर पाऊस सुरू झाला, मग चतुर्थी. शेवटी एके दिवशी सचिवाचा फोन आला, येऊन बघा. आम्ही गेलो. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या खाली, नव्या रंगाने चकचकीत, "दीव्यांग: मोफत". पहिली वेलांटी चुकलेली. भावाने खुर्ची मागे घेऊन पूर्ण बोर्ड दोनदा वाचला आणि म्हणाला, सोबतचा माणूस कुठे लिहिलाय?

नव्हता लिहिलेला. ठरावात होता, बोर्डावर नाही. मी माझं तिकीट काढलं, त्याला शून्याचं मिळालं, ते त्याने खिशात ठेवलं. बोर्डाचा फोटो काढून आणलाय, ऑक्टोबरच्या ग्रामसभेला न्यायला.